परत आलं का?

जगदाळेकाकांना एखादं काम झाल्याचं सांगितलं, की ते कधीच लगेच खूश होत नसत. "पाठवलं", "ठेवलं", "सेव्ह केलं" असल्या शब्दांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. ते मान जराशी वाकडी करत, मिशीवरून अंगठा फिरवत आणि विचारत, "परत आलं का?"

कुणी छत्री नेली, परत आली का? डबा शेजारी दिला, परत आला का? लेक इंदूरला पोचल्याचा निरोप जावयानं दिला, तर म्हणाले, "ते ठीक आहे, पण तिचा स्वतःचा फोन परत आला का?" पहिल्या आठवड्यात मी मनाशी ठरवूनच टाकलं, की हा माणूस भयंकर चिकट आहे. माणसांबद्दल झटपट मत बनवायची मला वाईट खोड आहे, आणि काकांनी ती बऱ्याच अंशी मोडली.

मी मूळची मिरजेची. लग्न होऊन ग्वाल्हेरला आले आणि वर्षभरात थाटीपूरच्या बाजूला, कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका केंद्रात नोंदणीच्या खिडकीवर बसू लागले. भिंड, मुरैना, श्योपूर, कुठून कुठून माणसं यायची. कुणाचा पाय मळणीच्या थ्रेशरमध्ये गेलेला, कुणाचा साखरेच्या आजारानं. माझं हिंदी मिरजेच्या बाजारापुरतं होतं. खिडकीपलीकडून एखादे आजोबा चंबळच्या बोलीत काही सांगू लागले, की मी मान हलवून 'मुबारक' म्हणून मोकळी व्हायची. मग मागच्या खोलीतून काका डोकावत. "मिरजकर, ते म्हणून राहिलेत की जुना पाय पुरात वाहून गेला. तू त्यांना मुबारक कशाला देतेस?"

त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी मिरजकरच राहिले. त्यांच्या घराण्यातले लोक म्हणे सातारच्या बाजूनं घोड्यावर बसून फौजेबरोबर इकडे आले, आणि त्यानंतर कुणी परत गेलंच नाही. काकांनी कृष्णा नदी फक्त ऐकली होती. "तिकडे पाणी असतं न अजून?" असं ते अधूनमधून मला विचारत, जणू मी रोज सकाळी बघून येत होते. त्यांची मराठी हिंदीच्या शेजारी राहून वाढलेली. त्यांची चहा 'यायची', त्यांना तिळाची गजक 'चांगली लागायची', आणि त्यांना कुठंही 'जायचं पडायचं'. मी सुरुवातीला हसायची. आता माझी पण चहा येते.

घोड्यावरून आलेल्या त्या घराण्यातला हा वंशज घोड्याला मात्र घाबरायचा. स्वतःच्या लग्नात त्यांनी घोडीवर बसायला साफ नकार दिला. वरात खोळंबली, बँडवाले एकच गाणं चारदा वाजवून दमले, आणि शेवटी नवरदेव मुंडावळ्या बांधून स्कूटरवरून मांडवात आले. सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, हे सांगताना अजून हसून हसून डोळे पुसतात. "आणि मांडवात उतरल्यावर पहिलं काय केलं असेल? वळून स्कूटरचं कुलूप लागलंय का ते पाहून आले."

केंद्रात काकांकडे संगणकाची खोली होती. खोली म्हणजे प्लास्टरच्या विभागामागची लांबट अडगळ, तिथं एक सर्व्हर, एक कूलर आणि एक टेप ड्राइव्ह. ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तळहाताएवढी, जाडजूड, चौकोनी कॅसेट असते. रात्री सगळे घरी गेले, की ड्राइव्ह नावाची पेटी त्या कॅसेटवर दिवसभराचं सगळं उतरवून ठेवते. उद्या सर्व्हर जळाला, तरी कॅसेटवरून सगळं परत आणता यावं, एवढाच तिचा उद्देश. काका रोज सकाळी एक कॅसेट काढत, दुसरी घालत. सोमवार ते शुक्रवार अशा पाच, आणि शनिवारच्या चार. त्या फिरत्या असत. प्रत्येकीची पाळी आली, की जुनं पुसून नवं लिहिलं जाई.

त्यात एवढं काय मोलाचं होतं, असं मलाही वाटे. पाय बनवणं तसं दोन दिवसांचं काम. खरं काम तो बसवण्याचं. कुठं टोचतं, कुठं कातडी सोलते, टाच किती कलती ठेवली की माणूस लंगडत नाही, हे एकेक खेपेला थोडं थोडं सापडत जातं. जौऱ्याच्या रामदुलारीबाईंचा पाय नीट बसायला सात खेपा लागल्या होत्या. बसमधून, दिराला बरोबर घेऊन, मजुरी बुडवून सात खेपा. ती सगळी मापं, फोटो आणि दर खेपेच्या नोंदी आमच्याकडे होत्या. काही वर्षांनी पाय झिजला, की जुनी फाईल उघडायची आणि थेट तसाच पाय करायचा, एका खेपेत काम. फाईल नसली, की पुन्हा पहिल्यापासून सात खेपा.

काकांनी रामदुलारीबाईंना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या लेखी त्या फाईल नंबर दोनशे चौदा होत्या. नव्या पायावर माणसं पहिलं पाऊल टाकतात तो आमचा लांब व्हरांडा, त्याला दोन्ही बाजूंनी दांड्या आहेत, तिथं काका फिरकतच नसत. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी तिथं एका पोराला पडताना पाहिलं होतं. तेव्हापासून ते प्लास्टर विभागातून वळसा घालून जात. "मला नाही होत बघणं," असं सरळ सांगत.

शनिवारची ताजी टेप ते घरी नेत, किला गेटजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांत. केंद्राला आग लागली तर एक तरी प्रत बाहेर असावी म्हणून. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात काकूंच्या जुन्या रेशमी ब्लाउजमध्ये गुंडाळलेली टेप, आणि डबा देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात. चुंबकानं टेप खराब होते, म्हणून घरात चुंबकाला बंदी. भाच्यानं फ्रिजवर लावायला ताजमहालाचं खेळणं आणलं, ते काकांनी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला चिकटवलं. अजून तिथंच आहे. एकदा गणपतीत मंडळाच्या पोरांनी भलामोठा भोंगा नेमका त्यांच्या भिंतीला टेकवून ठेवला. भोंग्यात चुंबक असतं. काकांनी भांडण केलं नाही. डबा उचलला आणि आरती संपेपर्यंत चहाच्या टपरीवर तो मांडीवर घेऊन बसले. टपरीवाल्यानं समजून विचारलं, "बाबूजी, मोदक हैं?" काका म्हणाले, "नहीं, मरीज़ हैं."

आता त्यांच्या संकष्टीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं.

काका संकष्टीचा उपास कडक करत. चंद्र दिसेपर्यंत फक्त चहा. त्यामुळे त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते रिकामे असत, आणि त्या रिकाम्या तासात ते परतपासणी करत. म्हणजे कुठलीही एक टेप घालायची आणि त्यावरून एक फाईल खरोखर परत आणून उघडून पाहायची. नेहमी एकच फाईल, दोनशे चौदा. सात खेपांची असल्यामुळे तीच सगळ्यात जाडी होती. "लिहिलं गेलं हे मशीन सांगतं," ते म्हणत. "मशीनचं काय जातं? परत आलं का ते मी बघीन." मंगळवारची, म्हणजे अंगारकी, संकष्टी आली, तर त्या दिवशी एकच नव्हे, सगळ्या टेपा तपासत. उपासाच्या डोक्यानं माणूस चिडचिडा होतो म्हणतात. काका त्या तासात इतके सुखी दिसत, की मला त्यांचा हेवा वाटे.

मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. एकामागून एक अशी दोन ऑपरेशनं ठरली, पाच आठवड्यांची सुट्टी. आणि नेमक्या त्याच दिवसांत सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलायचं ठरलं. जुनीला आता कुणी सुधारणा पाठवत नव्हतं, त्यामुळे बदलणं भागच होतं. जाताना काका टेपांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "रोज टेप बदलून घेशील. आणि संकष्टीला परतपासणी करून घेशील. वहीत सगळं लिहिलेलं आहे."

सिटी सेंटरमधून सक्सेना नावाचे इंजिनियर आले. भला माणूस, कामात तरबेज. त्यांनी सर्व्हरमधलं सगळं आधी एका जुन्या संगणकात उतरवून ठेवलं, नवी सिस्टिम घातली आणि अलीकडच्या दोन वर्षांचं काम परत सर्व्हरवर आणलं. नवीला जागा जास्त लागत होती, म्हणून त्याआधीच्या वर्षांचं सगळं, दोनशे चौदासकट, फक्त टेपांवर ठेवायचं ठरलं. महिनाभर रोज रात्री त्या जुन्या संगणकातलंही टेपांवर उतरवायचं, टेपा नीट लिहिल्या जातात का ते पाहायचं, मग त्यातल्या काही टेपा न पुसता कायमच्या बाजूला ठेवायच्या आणि तो जुना संगणक पुसून बिडला नगरच्या एका शाळेला द्यायचा. टेप ड्राइव्हनं मात्र नव्या सिस्टिमला ओळखच दिली नाही. सक्सेनांनी दोन तास खटपट केली, तिला नव्या नावानं जोडलं, आणि ती चालू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर हिरवी खूण आली. त्यानंतर रोज आली. मी रोज टेप बदलली, वहीत 'ठीक' लिहिलं, सही केली. चौथ्या शनिवारी सुमनकाकूंकडून डब्यातली टेपसुद्धा मागवून घेतली, कारण तिची पाळी होती.

मध्ये एक संकष्टी येऊन गेली. मला आठवण होती, खोटं कशाला बोलू! पण माझा उपास नव्हता. नेमक्या त्या दिवशी शेजारच्या टेबलावर गरमगरम कचोऱ्या आल्या. मी जेवणाच्या सुट्टीत जेवले.

काका परत आले तो दिवस पुढच्या संकष्टीचा. डोळ्यांवर भलामोठा काळा चष्मा, डॉक्टरांची ताकीद अशी, की वाकायचं नाही, उचलायचं नाही, पडद्याकडे बघायचं नाही. सगळ्यांनी विचारपूस केली. जेवणाची सुट्टी झाल्यावर ते खोलीत येऊन खुर्चीवर बसले.

"परत आलं का?"

"काका, रोज हिरवं आलंय. एक दिवस चुकला नाही."

"हिरवं आलं ग. माल आला का?"

मी वही मिटली. काका म्हणाले, "एक टेप चालवून दे. मला बघायचं तर नाही, ऐकून घेतो."

मी एक टेप घालून रात्रीचं लिहिण्याचं काम सुरू केलं. टेपेवर तीन गठ्ठे एकामागून एक लिहिले जातात, आधी मापं, मग फोटो, मग खेपांच्या नोंदी. ड्राइव्ह घरघरू लागली. काका खुर्ची ओढून तिच्याजवळ गेले आणि मान वाकडी करून बसले. थोड्या वेळानं घरघर थांबली आणि सुर्र असा लांब आवाज आला. काकांनी बोट वर केलं. पुन्हा घरघर, पुन्हा तो लांब आवाज. दुसरं बोट. तिसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा त्यांनी काळा चष्मा माझ्याकडे वळवला.

"ही तीनदा का परत फिरली? ती शेवटी एकदाच फिरते."

मला काही कळेना. त्यांनी मांडीवर बोटानं रेघ ओढून दाखवलं. एक गठ्ठा लिहून झाला, की टेपेनं तिथंच थांबायचं असतं, म्हणजे दुसरा त्याच्या पुढं लिहिला जातो. ही दर वेळी पार सुरुवातीला जात होती. म्हणजे फोटो मापांच्या डोक्यावर लिहिले जात होते, आणि नोंदी फोटोंच्या डोक्यावर. मशीनच्या मते तिन्ही कामं झाली होती. म्हणून हिरवं.

"दोनशे चौदा काढ," ते म्हणाले.

मी काढायला गेले. नोंदी आल्या. मापं नव्हती. दुसरी टेप घातली, नव्हती. घरच्या डब्यातून मागवलेली घातली, त्यातही नव्हती. नऊच्या नऊ टेपा मी माझ्या हातानं, रोज सही करून, पुसून टाकल्या होत्या. तेवढ्यात मला दुसरी गोष्ट आठवली. वर्षानुवर्षांची मापं आता जगात एकाच ठिकाणी होती, त्या जुन्या संगणकात, आणि तो आज तीन वाजता पुसायला सिटी सेंटरला जायचा होता. घड्याळात तीन वाजायला दहा मिनिटं होती. खिडकीतून पाहिलं, तर ई-रिक्षा फाटकाकडे वळत होती आणि मागच्या सीटवर खोकं.

मी धावले. साडी आवरत धावले आणि रिक्षासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले. घाबरल्यावर मला हिंदी सुचत नाही, मी मराठीतच ओरडत होते. रिक्षावाला बिचारा खाली उतरला. "क्या हुआ मैडम, बच्चा छूट गया क्या?"

मी म्हटलं, "हाँ."

काका मागून सावकाश आले. वाकायचं नव्हतं, उचलायचं नव्हतं, म्हणून त्यांनी खोक्यावर नुसता तळवा ठेवला. मग फोन मागितला. पलीकडून सक्सेना म्हणत होते, "अंकल, रिपोर्ट तो बिल्कुल ओके है." काका म्हणाले, "बेटा, रिपोर्ट ओके है, माल नहीं है. कल आ जाओ, चाय पिएँगे."

खोलीत परत आल्यावर मला रडू फुटलं. मी त्यांना कचोरीचं खरंखरं सांगितलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. काकांनी मिशीवरून अंगठा फिरवला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी काम माझ्या उपासाला बांधून ठेवलं. उपास माझा. तुला भूक लागणारच न? चल, चहा आली का बघ."

दुसऱ्या दिवशी सक्सेना आले. दोष सापडायला दहा मिनिटं लागली. त्या ड्राइव्हला दोन नावं असतात. एका नावानं तिला काम सांगितलं, तर ती काम करून टेप सुरुवातीला नेऊन ठेवते, दुसऱ्या नावानं सांगितलं, तर जिथल्या तिथं थांबते. जुन्या सिस्टिममध्ये दुसरं नाव होतं, नवी घालताना पहिलं पडलं. सक्सेनांनी कान पकडले. काकांनी त्यांना गजक दिली. मग जुना संगणक पुन्हा जोडून टेप लिहायला लावली आणि आम्ही तिघं ती पेटी ऐकत बसलो. घरघर झाली, थांबली. शांत. काकांचं बोट वर. पुन्हा घरघर, पुन्हा शांत. तिसऱ्यानंतर एकच लांब सुर्र. त्यानंतर मी त्याच टेपेवरून दोनशे चौदा परत आणली आणि मापं वाचू लागले. काळ्या चष्म्याआडून काका पुढचा आकडा माझ्याआधी म्हणत होते. फाईल संपेपर्यंत एकही चुकला नाही.

परतपासणी आता माझ्याकडे आहे. संकष्टीच्याच दिवशी करते, पण कॅलेंडरवर लाल खूण करून, आणि आधी. कचोरी नंतर.

काका तीन महिन्यांनी निवृत्त झाले. चष्मा गेला होता, डोळे स्वच्छ. निरोपाचं भाषण त्यांनी करू दिलं नाही. त्याच सकाळी जौऱ्याहून रामदुलारीबाई आल्या होत्या. जुना पाय झिजला होता, आम्ही फाईल उघडून नवा करून ठेवला होता. एकच खेप. मी काकांना म्हटलं, "दोनशे चौदा आल्यात. बघता का?" ते बराच वेळ किल्ल्यांचा जुडगा मोजत बसले. मग उठले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, वळसा न घालता सरळ व्हरांड्याच्या दारात येऊन उभे राहिले. चौकट घट्ट धरून.

रामदुलारीबाई त्यांच्या कल्पनेपेक्षा बऱ्याच ठेंगण्या असाव्यात. काकांनी नजर थोडी खाली आणली. बाईंनी दांड्या सोडल्या आणि चालायला लागल्या. ना टोचलं, ना लचक. पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचल्या, तसा सगळा विभाग टाळ्या वाजवू लागला. मी पण वाजवल्या. काकांचे हात चौकटीवरच होते.

बाई भिंतीपाशी वळल्या. एकेक पाऊल टाकत, पदर सावरत, अख्खा व्हरांडा चालून आल्या आणि दारापाशी, काकांच्या पुढ्यात येऊन थांबल्या. आमच्या टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. तेव्हा काकांनी चौकट सोडली, आणि एकटेच जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले.